नानांच्या मांडीवरची बाटली

धुळे-जळगाव गाडीत तोतारामनाना खिडकीजवळ बसले होते आणि दोन्ही हातांनी एक बाटली धरून होते. बाटली म्हणजे केवढी, तर खोकल्याच्या औषधाची असते तेवढीसुद्धा नाही. रुंद तोंडाची, प्लास्टिकची, पांढऱ्या झाकणाची. आत पाण्यासारखं दिसणारं फॉर्मेलिन, मांस कुजू न देणारं औषध, आणि त्यात शिवणाच्या दोऱ्यासारखे दोन-तीन बारीक तुकडे. हे तुकडे त्यांच्या बायकोच्या, नर्मदाबाईंच्या पोटातले होते.

नर्मदाबाईंच्या स्वादुपिंडाच्या तोंडाशी सूज आली होती. तिने पित्ताची नळी दाबून धरली, म्हणून त्या पिवळ्या पडल्या. डोळे पिवळे, नखं पिवळी, आणि अंगाला अशी खाज की रात्रंदिवस चैन नाही. धुळ्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पित्ताला तात्पुरती वाट करून दिली होती. पण मूळ सवाल तसाच होता. ही सूज कॅन्सरची असू शकत होती, आणि नुसती सूजही असू शकत होती, गोळ्यांनी उतरणारी. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. कॅन्सर असेल तर स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा तुकडा, एवढं सगळं काढायचं. नर्मदाबाईंना साखर होती, हृदयही फार भरवशाचं नव्हतं. नुसती सूज असेल तर मात्र सुरीही लावायची नाही. यातलं खरं काय, ते त्या दोऱ्यासारख्या तुकड्यांनी सांगायचं होतं.

"ही सरळ जळगावला प्राची मॅडमच्या लॅबमध्ये द्या," डॉक्टर म्हणाले होते. "आडवी करायची नाही, उघडायची नाही. आणि आजच पोचवा."

नानांना ते जरा लागलंच. पोचवा म्हणे. कोणाला सांगताय?

अमळनेर डेपोत नानांनी उभी हयात कंडक्टरकी केली. माणसं वाहिली ती सरकारी नोकरी म्हणून, पण त्यांचं नाव झालं ते दुसऱ्याच वाहण्यासाठी. मोबाइल यायच्या आधीचा काळ. पारोळ्याच्या म्हातारीचा चष्मा दुरुस्त होऊन धुळ्याहून यायचा तो नानांच्या हाती. कॉलेजातल्या पोरांचे डबे, नव्या सुनेच्या माहेरचं लोणचं, एकदा तर जिवंत कोंबडी. कधी काही हरवलं नाही, सांडलं नाही, फुटलं नाही. कोंबडीने तेवढं वाटेत अंडं घातलं, तेही नानांनी जपून मालकाला दिलं. गाड्यांच्या वेळा तर अशा पाठ की लोक चौकशीच्या खिडकीकडे पाठ करून नानांना विचारायचे, आणि खिडकीतला माणूसही अडला की नानांनाच विचारायचा. निवृत्त झाले तरी हा मान सुटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर नानांनी तो सोडलाही नव्हता.

त्यांचा एक कडक नियम होता. डबा असो की बोचकं, आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय हातात घ्यायचं नाही. नोकरीच जायची, कोणी भलतंच काही दिलं तर. तो नियम हाडात मुरला होता. म्हणून धुळ्याच्या स्टँडवर, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं असूनही, त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं, आत डोकावले, नाकाला झणका बसला तसं घाईघाईने परत लावलं. लावलं म्हणजे त्यांना वाटलं की लागलं.

पारोळा गेलं. गाडी भरली. एरंडोलच्या अलीकडे एका फाट्यावर एक बाई धान्याचं पोतं घेऊन चढली. पोतं पायरीवरच अडकलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पोरगेलासा कंडक्टर मागच्या गर्दीत अडकलेला. बाईने सगळ्या गाडीवर नजर फिरवली आणि नेमकी नानांवर आणून थांबवली. अशा बायकांना बरोबर कळतं.

"भाऊ, जराखा हात लावा ना."

नाना उठले. बाटली रुमालात गुंडाळून सीटवर, मांडी होती त्या जागी ठेवली. पोतं वर घेतलं, ड्रायव्हरच्या मागे नीट लावलं, बाईला बसायला जागा करून दिली, दोघांना सरकवलं, एकाला दटावलं. सगळं आपसूक झालं. परत येतात तो रुमाल ओला, बाटली आडवी, आणि शेजारचा माणूस नाकाला बाही लावून डोळे पुसतोय.

नानांनी झडप घातली. बाटली उचलली. अर्ध्याहून जास्त फॉर्मेलिन सीटच्या रेक्झिनवर गेलं होतं. तुकडे आत होते, पण त्यातला एक बाटलीच्या कडेला वर चिकटलेला, कोरडा, उघडा.

आता इथे नानांनी जे केलं ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर माणूस नुसता मूर्ख वाटेल, आणि नाना मूर्ख नव्हते. नर्मदाबाईंचं माहेर फैजपूरचं. तिकडे घराबाहेर पडलं की केळीची बाग. लग्न होऊन अमळनेरला आल्या तेव्हापासून त्या घरी केळीचे वेफर्स करून विकत. माहेरहून कच्ची केळी यायची ती अर्थात नानांच्याच गाडीतून. कच्च्या केळ्याचा काप उघड्यावर राहिला की बघता बघता काळा पडतो. म्हणून किसणी पाण्याच्या टोपावरच धरायची आणि काप थेट पाण्यात पाडायचा. नव्या नवऱ्याला मदतीला बसवून नर्मदाबाईंनी पहिला धडा दिला तो हाच. कापलेलं उघडं ठेवायचं नाही. पाण्यात ठेवायचं. नानांच्या घरात हे इतकं रुळलेलं होतं की त्याचा विचार करावा लागत नव्हता.

एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा नानांनी स्वतःच्या प्यायच्या बाटलीतलं पाणी त्या छोट्या बाटलीत ओतलं. काठोकाठ भरली. कडेला चिकटलेला तुकडा पाण्यात उतरला, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. या खेपेला झाकण मनगट दुखेपर्यंत आवळलं.

जळगावच्या अलीकडे हायवेवर एक ट्रक आडवा झाला होता. लॅबपाशी पोचेतो शटर खाली आलं होतं. शनिवार. शटरवर फोन नंबर लिहिलेला होता. नानांनी तो दोनदा वाचला आणि फोन काही लावला नाही. लावला असता तर मॅडमनी विचारलं असतं. त्यांनी बाटली घरी नेली, अमळनेरला, आणि रविवारभर फळीवर पिठाच्या डब्यामागे ठेवली. सोमवारी सकाळी लॅबच्या टेबलावर ती ठेवताना ते म्हणाले, "एक थेंब सांडला नाही बघा." हे बोलायची काही गरज नव्हती. कोणी विचारलंही नव्हतं.

मग वाट बघणं सुरू झालं. नळी घातल्यापासून नर्मदाबाईंची खाज कमी झाली होती, पण अन्नावर वासना नव्हती. स्वैपाकघराच्या दारात बसून त्या गल्लीकडे बघत राहायच्या. शेजारची सुमनबाई येऊन पिवळेपणा कमी झाला, कमी झाला, असं रोज सांगून जायची. नाना दिवसातून चारदा विचारायचे, औषध घेतलंस का, जेवलीस का. त्यांना आणखी काय विचारावं ते सुचत नव्हतं.

लॅबचा फोन आला तो प्राची मॅडमचाच. नाना उठून अंगणात गेले.

"नाना, तुकडे मी बघितले. काही पेशी संशयाच्या आहेत, पण फुगल्यात, नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून एक वेगळा रंग चढवून बघितला. समजून घ्या हं. आपल्या पेशींत एक जनुक असतं, स्मॅड-फोर म्हणतात. पेशींची वाढ आवरायचं काम त्याचं. गाडीच्या ब्रेकसारखं म्हणा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा, आणि पित्तनळीच्या कॅन्सरमध्ये काही वेळा, हे जनुकच हरवतं. मग ते जे प्रथिन बनवतं तेही पेशीत दिसेनासं होतं. ते असलं की माझा रंग चढतो, पेशी तपकिरी दिसते. नसलं की कोरी राहते."

"मग?" नाना म्हणाले. "चढला का रंग?"

"तिथेच घोटाळा झालाय. कुठेच चढला नाही. संशयी पेशी कोऱ्या, आणि त्यांच्या शेजारच्या चांगल्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या, त्याही कोऱ्या. शेजारी तपकिरी झाले असते आणि ह्याच तेवढ्या कोऱ्या राहिल्या असत्या, तर मी छातीठोक सांगितलं असतं की हरवलंय, कॅन्सर आहे. ह्याही रंगल्या असत्या तर निदान घाई करू नका म्हणाले असते, गोळ्या देऊन बघता आलं असतं. पण सगळंच कोरं म्हणजे परीक्षाच झाली नाही. मी पुन्हा करून बघितलं, तेच. तुकडा नीट टिकला नाही की असं होतं. नाना, बाटलीचं वाटेत काही झालं होतं का?"

अंगणात सुमनबाईची कोंबडी माती उकरत होती. नाना तिच्याकडे बघत राहिले.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "काही झालं नाही."

"बरं. मग माझंच औषध तपासते."

फोन बंद झाल्यावर नाना तिथेच उभे राहिले. ब्रेक म्हणाल्या मॅडम, पण नानांना ते पटलं नाही. ब्रेक ड्रायव्हरच्या पायात. कंडक्टरच्या हातात असते ती घंटी. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. त्या दोरीवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. बायकोच्या पोटात ती थांबायची घंटी आहे की गेली, एवढंच त्या तुकड्यांना विचारायचं होतं, आणि त्यांनी तुकड्यांचं तोंडच धुऊन टाकलं होतं. हे त्यांना आता लख्ख कळलं. कळलं आणि तरी ते 'नाही' म्हणाले. भीती होती, लाजही होती, आणि तोतारामनानांच्या हातून काही सांडतं हे जगाला कळावं याची तयारी नव्हती. माणूस किती क्षुल्लक गोष्टीसाठी किती मोठी गोष्ट पणाला लावतो, त्याला काही सुमार नाही.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या डॉक्टरांचा निरोप आला. तुकड्यांचं उत्तर येत नसेल तर थांबणं परवडणार नाही, कॅन्सर धरूनच चालावं लागेल. पोट उघडायचं. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मुलगा प्रेमराज सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, तो रजा टाकून निघाला.

त्या दुपारी नर्मदाबाईंनी उगाचच कच्ची केळी काढली. बरं वाटतंय म्हणाल्या, प्रेमराज येतोय, मूठभर वेफर्स करते. टोप पाण्याने भरला, किसणी वर धरली. काप सारखे पडत होते. एकेक काप पाण्यात पडायचा, बुडायचा, वर यायचा. नाना समोर बसून ते बघत होते. बघता बघता त्यांना ते सहन होईना.

"आयक," ते म्हणाले. "त्या बाटलीमा मी पाणी टाकेल शे."

किसणी थांबली. "कोनती बाटली?"

"तुना पोटना तुकडानी. गाडीमा सांडनी. मंग मी पाणी टाकं."

"काबर?"

"काया पडतीन असं वाटनं माले."

नर्मदाबाईंनी टोपाकडे पाहिलं. पिवळट पांढरे काप तरंगत होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी मग बाकीचंही सांगून टाकलं, स्टँडवर झाकण उघडलेलं, पिठाच्या डब्यामागचा रविवार, मॅडमना सांगितलेलं खोटं, सगळं.

"मी काय कच्चं केळं शे का?" नर्मदाबाई म्हणाल्या.

नानांना वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा रागाने आकसला होता, आणि तो राग इतका उघडा होता की नानांनी मान खाली घातली.

"औषध लिधं का, जेवण करं का, दिनभर ईचारतस. हाई एक गोट सांगता नही उनी? मना पोटवर सुरी फिरनार शे, आणि तुम्हले तुमनं नाव सांभायनं व्हतं?"

बाईंनी किसणी बाजूला ठेवली. केळ्याचे काप पाण्यात तसेच राहिले, ते प्रेमराजने आल्यावर तळले, आणि निम्मे जाळले.

सकाळी त्या लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. "चला जळगावले," म्हणाल्या. "मना समोर सांगा त्या बाईले."

प्राची मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वयाने त्या नानांच्या मुलीसारख्या. पण बोलल्या त्या कसलीही भीड न ठेवता.

"नाना, मी दोन वेळा ती परीक्षा केली. माझ्या औषधावर संशय घेतला, आणि रंग चढला नसेल तो तुमच्या पाण्यामुळे. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर नवा तुकडा त्याच आठवड्यात मागवला असता. तुमच्या 'नाही'वर यांचं पोट उघडायला निघाले होते."

"चुकलं," नाना म्हणाले. सबंध नोकरीत हा शब्द त्यांनी कोणा साहेबासमोर उच्चारला नव्हता.

मॅडमनी तिथूनच धुळ्याला फोन लावला. डॉक्टर वैतागले, पण ऐकलं. ऑपरेशन थोडं पुढे ढकलायचं, पुन्हा दुर्बीण घालून सुई टोचायची, नवे तुकडे काढायचे. नर्मदाबाईंना पुन्हा उपाशी राहणं, पुन्हा भूल, पुन्हा घसा सोलवटणं. त्या फक्त बरं म्हणाल्या.

पण आता एक नवीन गोष्ट झाली, आणि ती नाना कोणाला बोलून दाखवू शकत नव्हते. त्यांना आशा वाटू लागली. मॅडम म्हणाल्या होत्या ना, पाण्यामुळे रंग चढला नसेल. मग संशयी पेशी कोऱ्या दिसल्या त्याही पाण्यानेच. म्हणजे ते जनुक असेल. जागच्या जागी असेल. आपणच ते धुऊन टाकलं. सूज नुसती सूज असेल, गोळ्यांनी उतरेल, नर्मदा पुन्हा टोपावर किसणी धरून बसेल. आयुष्यभर ज्यांनी स्वतःच्या हातून एक चूक होऊ दिली नाही ते नाना आता जाता-येता एकच गोष्ट मागत होते. कोणाकडे, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. चूक माझी निघू दे. सगळी माझीच निघू दे.

धुळ्याच्या दवाखान्यात, भुलीची वाट बघत पलंगावर पडलेल्या नर्मदाबाई अचानक म्हणाल्या, "तुम्हले वाटस ना, पाणीनीच खोटं पाडं?"

नानांनी मान डोलावली.

"माले बी तसंच वाटस," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कूस बदलली. राग गेला नव्हता. पण हे त्यांनी सांगितलं.

नवी बाटली हातात आली तेव्हा प्रेमराज पुढे झाला. "मी मोटरसायकलवर नेतो, तासाभरात पोचतो. नाना, तुम्ही आईजवळ बसा." त्याचं बरोबर होतं. कोणीही तेच म्हटलं असतं. नानाही हात मागे घेऊन उभे होते.

"नही," भुलीतून नुकत्याच जाग्या झालेल्या नर्मदाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "त्यासले दे."

"आई, अगं परत..."

"त्यासले दे."

नाना पुन्हा गाडीत बसले. या खेपेला त्यांनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही, उघडायची गोष्ट दूरच. दोन्ही तळव्यांमध्ये ती धरली आणि हात मांडीवर रोवले. बोटांना मुंग्या आल्या तरी पकड बदलली नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटली की ते बाटलीसकट वर उचलले जायचे आणि बाटली सरळच असायची. पारोळ्याला गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एक म्हातारा काठी टेकत चढला आणि नेमका नानांच्या सीटला धरून उभा राहिला. कंडक्टर ओळखीचा होता, नानांच्या हाताखाली शिकलेला.

"नाना, आबाले जरा बसू द्या का?"

नाना हलले नाहीत. "माले जमनार नही, भाऊ," ते म्हणाले.

कंडक्टर बघतच राहिला. आजूबाजूच्या दोघांनी कुजबुज केली. एकाने मोठ्यानेच म्हटलं, काय माणसं असतात. नानांचे कान तापले. नोकरीच्या दिवसांत अशा माणसाला त्यांनी स्वतः हाताला धरून उठवलं असतं. म्हातारा एरंडोलपर्यंत उभा राहिला, आणि तोवर नानांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तो उतरला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

लॅब उघडी होती. मॅडमनी बाटली उजेडात धरली, झाकण बघितलं, पातळी बघितली. "छान," म्हणाल्या. नानांना रडू आलं असतं, पण ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

उत्तर यायला थोडे दिवस गेले. त्या दिवसांत नानांनी घरात काय केलं नाही ते विचारा. नळाचं वायसर बदललं, फळी रंगवली, पिठाचा डबा दुसरीकडे हलवला. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे, आणि फोन सुमनबाईच्या जावयाचा असायचा. नर्मदाबाईंची मात्र भूक थोडी परतली होती. एक दिवस त्यांनी सबंध भाकरी खाल्ली. नानांनी ते शुभ धरलं. असं काहीही शुभ धरायचे दिवस होते ते.

मग मॅडमचा निरोप आला. फोनवर नको, दोघंही या.

जळगावला बाकावर नर्मदाबाई बसल्या, दम लागला होता. नाना आत गेले. मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाला दोन तोंडं होती, समोरासमोर बसून दोघांना बघता येईल अशी.

"बसा नाना. तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवायचं होतं. बघा, दिसतं का?"

नानांनी डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग हळूहळू रंग जमून आले. सगळीकडे लहान लहान ठिपके, तपकिरी, गडद, चहाच्या डागासारखे. इकडे तपकिरी, तिकडे तपकिरी.

"रंग चढला," ते म्हणाले. "मॅडम, रंग चढला ना."

"शेजाऱ्यांवर चढला," मॅडम म्हणाल्या. "परीक्षा नीट झाली. तुकडा तुम्ही अगदी बरोबर आणलात. आता मी सरकवते. मधोमध बघा."

चित्र सरकलं. तपकिरी ठिपक्यांच्या मधोमध एक वेडीवाकडी कड्यासारखी रांग होती. मोठ्या, दाटीवाटीने उभ्या पेशी. फिकट निळ्या. त्यांच्यात तपकिरी एकही नव्हती. नानांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. डोळा चोळून पाहिलं. चारही बाजूंचे सगळे रंगले होते, आणि मधली रांग धुतल्यासारखी कोरी होती.

"ह्या त्या," मॅडम हळू म्हणाल्या. "ह्यांच्यातलं स्मॅड-फोर गेलंय. आणि या वेळी पेशींची ठेवणही स्पष्ट दिसतेय. कॅन्सर आहे नाना. अजून जागेवर आहे, पसरल्याची खूण नाही. ऑपरेशन करता येईल, ते करायलाच हवं. धुळ्याच्या डॉक्टरांशी मी बोललेय."

नाना डोळा लावूनच बसले होते. मॅडमना वाटलं, माणूस स्वतःला खातोय. त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या पाण्याचं मनाला लावून घेऊ नका. थोडे दिवस गेले, पण त्याने फरक पडलेला नाही. पाणी घातलं नसतंत तरी उत्तर हेच आलं असतं. ते तिथे नव्हतंच, नाना. तुमच्या हातून काही गेलेलं नाही."

चांगल्या मनाने बोलल्या त्या. एवढ्या दिवसांत नानांना कोणी इतक्या मायेने काही म्हटलं नव्हतं. आणि ऐकता ऐकता नाना त्या सूक्ष्मदर्शकावर कपाळ टेकून रडू लागले, आवाज न करता, खांदे हलवत.

बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. नर्मदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. धुतलेलं तोंड त्यांना कळलं.

"मंग पाणीनं काही नही करं," त्या म्हणाल्या.

"नही."

बाकावर मोकळी जागा होती, पण नाना उभेच होते. मग नर्मदाबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला, नवऱ्याच्या मनगटाला धरून उठल्या आणि धरलेलं मनगट सोडलं नाही.

"चला, तारीख लेऊत," त्या म्हणाल्या. "धुयानी गाडी कव्हय शे आते?"

नानांनी सांगायला तोंड उघडलं. आयुष्यभर पाठ असलेल्या वेळा. ते आठवत राहिले, आठवत राहिले, आणि मग म्हणाले, "थांब. खिडकीवर ईचारी येस."